नथवालीच्या ओठातला गळ

तुआस, सिंगापूर
रविवार, ९ मार्च २०१४

सवे,

पत्र बघून हसू नकोस. नववीत तीन विषय उडालेला तुझा भाऊ कागद घेऊन बसलाय, म्हणजे गरजच तशी आहे. फोन केला की आबा माझा आवाज ऐकून ठेवून देतात. मागच्या वेळी तर "राँग नंबर" बोलले. मराठीत "आबा" अशी हाक मारणाऱ्याला राँग नंबर! म्हणून आता पत्र. तू पडवीत बसून मोठ्याने वाच. ते उठून गोठ्याकडे गेले, तर गोठ्याकडे तोंड करून वाच.

आबा, मी बरा आहे. कंपनी जहाजांची आहे. जहाज म्हणजे आपलं अख्खं गाव, देवळासकट आत मावेल एवढं. मला ऑफिसात काम आहे, वर एसी आहे. साहेब लोक चांगले आहेत. जेवण मिळतं. तब्येत सुधारलीय. काळजी करू नका. करत नसाल, तरी लिहितोय.

(सवे, कंसातलं आबांना वाचायचं नाही. हा आपला नियम, या आणि पुढच्या सगळ्या पत्रांत. ऑफिस-बिफिस काही नाही. मी जहाजाच्या टाकीत उतरतो आणि ग्राइंडरने गंज काढतो. माझ्याबरोबर एक बांगलादेशी आणि दोन तमिळ, आमची भाषा म्हणजे हिंदीची चटणी. संध्याकाळी लॉरीत मागे बसून डॉर्मिटरीत. एका खोलीत बारा जण. वाईट नाही, पण कुठेच बसवत नाही मला, तुला माहीत आहे. कळंबोलीच्या गॅरेजात सात महिने, फॅब्रिकेशनवाल्याकडे पाच. इथे परमिटने बांधून ठेवलंय म्हणून आहे.

एक विचारायचंय, त्यासाठीच हा सगळा पसारा. नथवाली दिसली का गं? एवढी मोठी मासळी लपणार कुठे? दोन पावसाळे झाले. आणि आबा कोंडावर जातात का, की अजून लांबूनच बघतात?

तू मागे फोनवर बोललीस, "खरं काय ते तू एकदा सांग." मी काय सांगू? देवळाखालच्या डोहात, देवीच्या कोंडात, गळ टाकायचा नाही हे गावातल्या रांगणाऱ्या पोरालाही कळतं. त्या सकाळी नथवालीच्या ओठात गळ दिसला आणि आबा पुढे होऊन बोलले, "गळ माझा आहे." गावाने त्यांच्याकडून माशांना चुरमुरे घालायचा मान काढून घेतला. आपल्या घरात चार पिढ्या होता तो. एवढं सगळ्यांना माहीत आहे. याच्यापलीकडे मला काही माहीत नाही.)

तुझा,
सारंग


सेम्बावांग
रविवार, १७ ऑगस्ट २०१४

सवे, आबा,

कंपनीने आमची टोळी सेम्बावांगच्या यार्डात हलवली. उत्तरेकडे आहे हे, झाडं जास्त. खाडीच्या पलीकडे मलेशिया दिसतं.

आबा, हे तुमच्यासाठी. नीट ऐका. गेल्या रविवारी मी बसने भटकत होतो. एका मोठ्या मैदानात एक माणूस दिसला. चष्मा, टोपी, हातात लांब लवचिक काठी. काठीला पिवळी जाड दोरी. तो ती दोरी मागे फेकतो, पुढे फेकतो, मागे, पुढे, आणि शेवटी अलगद गवतावर टाकतो. पाणी नाही, डबकं नाही, नुसतं गवत! मी अर्धा तास बघत बसलो. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या.

मग त्याची दोरी मागच्या झाडात अडकली. त्याने ओढली, निघेना. तेव्हा तो माणूस मोठ्याने बोलला, "च्या मारी, अडकली परत!"

मी उठलो आणि बोललो, "थांबा, काढून देतो." चपला काढल्या आणि चढलो. तो खालून ओरडतोय, "अहो, उतरा! इथे झाडावर चढलं तर दंड होतो! अहो, कोण तुम्ही? मराठी कसे?" मी वरून सांगितलं, "आधी दोरी सोडवू का नाव सांगू?"

निशिकांत साहेब नाव त्यांचं. पुण्याचे. बँकेत कॉम्प्युटरचं काम, बारा वर्षं इथेच. ते वर्षातून एकदा न्यूझीलंडला जातात आणि डोंगरातल्या लहान लहान ओढ्यांत ट्राऊट नावाचा मासा धरतात. थंड पाण्याचा मासा, अंगावर ठिपके. त्याची सवय मोडू नये म्हणून बाकीचे अकरा महिने गवतात दोरी टाकतात. दोरीच्या टोकाला गळ असतो आणि गळावर पिसांचा खोटा किडा. त्याला ते फ्लाय म्हणतात.

मी विचारलं, "किडा कसला, पिसांचा?"

त्यांनी डबी उघडली. आबा, आत तुमचे किडे होते. म्हणजे तुमचे नव्हेत, पण अगदी तसेच. गळाच्या दांडीला दोरा, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस. तुम्ही देवळाच्या वरच्या अंगाला वहाळात झोऱ्या मासे धरायचात, तेव्हा ओठात दोरा धरून गुंडाळायचात, तसे. मी त्यांना बोललो, "साहेब, हे आमचे आबा करतात." त्यांना खरं वाटेना. बोलले, "सह्याद्रीत? फ्लाय फिशिंग?" मी बोललो, "आम्ही नाव काही दिलेलं नाही."

(सवे, पुढचं वाचू नकोस. आबांनी काठ्या मोडून चुलीत घातल्या असं तू लिहिलंस. पिसांचा डबा पण गेला का? आईच्या काळातला होता तो, बिस्किटांचा. मी डबी बघितली आणि मिटून परत दिली. घाम आला. साहेबांना वाटलं झाडावर चढल्यामुळे.

नथवाली दिसत नाही असं लिहिलंस. कोंडात बाकीचे मासे येतात, तीच येत नाही. मेली असती तर वर आली असती ना? सांग. मेलेली मासळी वर येते ना?)

सारंग


सेम्बावांग
रविवार, २ नोव्हेंबर २०१४

सवे, आबा,

दिवाळीला साहेबांनी घरी बोलावलं. त्यांचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, खाली पोहायचा तलाव. साधना वहिनींनी अनारसे केले होते, जाळी पडलेले. मी एकटा नऊ खाल्ले. त्यांची मुलगी वल्लरी, चौदा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, इथल्या लोकांसारखं शेवटी "लाह" लावून. "मम्मी, अंकल सो हंग्री लाह!" वहिनींनी डोळे वटारले. मी बोललो, राहू द्या, खरंच बोलते आहे.

मग साहेबांनी जेवणाच्या टेबलावर पिसांचा बाजार मांडला. आबा, कोंबड्याच्या मानेचं कातडं अमेरिकेतून पाकिटात बंद होऊन येतं. आपल्या तांबड्या कोंबड्याला कळलं, तर मान वर करून फिरेल. साहेब एका छोट्या शिकंज्यात गळ अडकवून किडा बांधतात. मी शिकंजा नको बोललो. गळ चिमटीत धरला, दोऱ्याचं टोक दातात, आणि बांधला तुमच्यासारखा. दाट नाही करायचा, तीनच वेढे. आणि पीस मागे झोपवायचं नाही, पुढे झुकवायचं, म्हणजे पाण्यात ते उघडझाप करतं, श्वास घेतल्यासारखं. तुम्ही शिकवलेलं सगळं बोटांना आठवत होतं. मला वाटलं होतं, मी विसरलो.

साहेबांनी तो दिव्याखाली धरून फिरवून फिरवून बघितला. मग वहिनींना हाक मारली, "साधना, हे बघ. हे बघ गं."

वहिनी बोलल्या, "बघितलं. माणसाने बांधलेलं आहे एवढं कळतंय. तुझे झाडून टाकावेसे वाटतात."

मग साहेबांनी एक गंमत केली. पकड घेतली आणि माझ्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. मी ओरडलो, "साहेब, मोडलात ना गळ!"

"मोडला नाही. मासा सोडताना त्याला फाटू नये म्हणून."

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

वहिनी आतून बोलल्या, "अरे, हेच मी बारा वर्षं विचारतेय!"

साहेब हसले. बोलले, "भेटायला. भेटून झालं की ज्याचं त्याचं घर."

गेल्या आठवड्यात सेलेतारच्या तळ्यावर मला घेऊन गेले. तिथे ठरलेल्या काठावरूनच गळ टाकायचा, आणि जिवंत किडा, गांडूळ काही चालत नाही. खोटंच आमिष लागतं. माझ्या गळाला एक लागला, शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा असलेला. साहेब बोलले, "हात ओले कर आधी. कोरड्या हाताने धरू नकोस, त्याचं अंग सोलतं." मी पाण्यातच धरला. गळ नुसता तिरका केला आणि सुटला, जरासुद्धा ओरखडा नाही. मासा लगेच गेला नाही. माझ्या तळहातावर थोडा वेळ उभा राहिला, दम खात. त्याच्या छातीचं धडधडणं मला बोटांना कळलं. मग गेला.

(सवे. वाचू नकोस.

साहेबांना मी विचारलं, एखाद्या माशाच्या ओठात काटेवाला गळ राहिला, दोर तुटला, तर काय होतं? ते बोलले, लोखंड गंजतं, कधी ना कधी गळून पडतं. बहुतेक मासे जगतात. मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती? त्यांनी उलट विचारलं, "कोणाचा मासा रे?" मी बोललो, कुणाचा नाही.

तू विचारलं होतंस ना, खरं सांग. हो. मीच. तुला ठाऊकच होतं. आता झोपतो.)

सारंग


सेम्बावांग
रविवार, १५ फेब्रुवारी २०१५

सवे,

हे पत्र सगळंच कंसातलं आहे. आबांना काही वाचू नकोस. तब्येत बरी आहे एवढं सांग.

साहेब न्यूझीलंडला जाऊन आले. जाताना मी बांधलेले बारा किडे नेले, तांबड्या पिसाचे. परत आल्यावर फोन केला, "सारंग, ये. तुझ्या आबांनी ट्राऊट धरली."

गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. ओढा म्हणजे आपल्या देवळामागच्या वहाळाएवढाच, उडी मारून पलीकडे जाता येईल. पाणी इतकं स्वच्छ की मासा दिसतो, पण मासाही तुम्हाला बघतो. म्हणून गुडघ्यांवर रांगत जायचं, सावली पाण्यात पडू द्यायची नाही. खालून वर जायचं, माशाच्या पाठीकडून, कारण तो तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, दगडाच्या आडोशाला. सवे, आबा असंच सांगायचे ना? माझ्या मानेवर हात ठेवून खाली दाबायचे, "वाक अजून. राजा आहेस का, उभा राहतोस?"

साहेबांनी किडा दगडाच्या वर टाकला. तो वाहत आला, एकदा उघडला, मिटला. आणि ती वर आली.

त्यांनी फोटो दाखवला. पाण्यातच धरलेली मासळी. अंगावर लाल-काळे ठिपके, आणि ओठाच्या कडेला माझा किडा, तांबडं पीस ओलं होऊन चिकटलेलं. वल्लरी मागून डोकावली आणि बोलली, "सो प्रिटी! लाइक नोज-रिंग लाह!"

मी उठून बाल्कनीत गेलो. वहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांना काय वाटलं माहीत नाही. फक्त बोलल्या, "घरची आठवण अशी मध्येच येते. येऊ दे." मी पाणी प्यायलो.

त्या सकाळी तू कोंडावर नव्हतीस, आपल्या अंगणवाडीची मीटिंग होती. म्हणून तुला सांगतो. आबांनी चुरमुरे टाकले, मासे आले, आणि नथवाली सगळ्यात शेवटी आली, नेहमीसारखी. तिच्या ओठाजवळचे पिवळे खवले, ज्यांच्यावरून तिचं नाव पडलं, त्याच जागी तांबडं काहीतरी चमकलं. बायका ओरडल्या, "देवीने नथ घातली! देवीने खरी नथ घातली!" कुणी हळद-कुंकू आणायला धावलं. सुलेखा काकूंनी तर साष्टांग नमस्कार घातला, काठावर, चिखलात. सगळे हात जोडून उभे. आणि आबांनी वाकून बघितलं.

त्यांनी स्वतःचं पीस ओळखलं, सवे. तीन वेढे, पीस पुढे झुकवलेलं. असं बांधणारे गावात दोघेच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मी त्यांच्या मागे सहा पावलांवर होतो. ते सरळ झाले आणि बोलले, "नथ नाही ती. गळ माझा आहे."

मी बोललो असतो तर तिथेच बोललो असतो. मी मागच्या मागे निघून आलो. दुसऱ्या दिवशी मी मुंबईची गाडी धरली.

सारंग


सेम्बावांग
रविवार, ३ मे २०१५

सवे,

अक्षर वाकडं आहे, उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. घाबरू नकोस.

एक तारखेला सुट्टी होती. साहेब मला पुलाउ उबीनला घेऊन गेले. बेट आहे, लहान होडीने जायचं. होडी बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही, अगदी आपल्या वडापच्या जीपसारखी. बेटावर पत्र्याची जुनी घरं, फणस, रानडुकरं. काठावर उभं राहून मी दोरी टाकत होतो. माझ्या टोपीला एक किडा टोचलेला होता, तो मी कुणाला दाखवला नव्हता. तो मी काटा न दाबता बांधला होता, हुबेहूब त्या दिवशीच्या गळासारखा. का बांधला, विचारू नकोस. का टोपीत ठेवला, तेही नको.

कसं कोण जाणे, मी तोच दोरीला लावला. वारा आला, दोरी उलटी फिरली, आणि गळ माझ्या अंगठ्यात. काट्यापर्यंत आत.

ओढला तर आणखी रुततो. तेव्हा कळलं, उलटा काटा म्हणजे काय. साहेबांनी गळाच्या वाकावर दोऱ्याचा फास टाकला, दांडी बोटाने दाबली आणि बोलले, "तीन म्हटलं की ओढतो. एक, दोन..." आणि दोनलाच ओढला. मी अशी आईवरून शिवी दिली की होडीवाला म्हातारा चिनी, त्यालाही अर्थ कळला असेल. मग मी हसायला लागलो, आणि मग रडायला. साहेब दगडावर बसून राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हे आबांना कधी सांगणार?"

जेमतेम दहा मिनिटं होता तो गळ माझ्या अंगठ्यात. ती किती महिने घेऊन फिरली असेल?

सवे, आता कंस नाहीत. इथून पुढचं आधी आबांना वाच. मग येत्या सोमवारी देवळात सगळे जमतात तेव्हा वाच. हे मी गावाला लिहितोय. तुझा आवाज थांबला तर पाणी पी, पण पूर्ण वाच.

आबा,

गळ मी टाकला. तुमच्या डब्यातला किडा घेतला, तुमचीच काठी घेतली, आणि उन्हं उतरायच्या वेळी कोंडावर गेलो. कबूल केल्यावर सवीला मी फोनवर सांगितलं होतं, पोरांनी पैज लावली होती. पैज नव्हती. आदल्या दिवशी वरच्या वहाळात माझ्या हातून चार झोऱ्या सुटल्या आणि तुम्ही चार माणसांत बोललात, "याच्या हाताला काही म्हणजे काही लागत नाही. ना पुस्तक, ना मासा." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला तुम्हाला एकदा दाखवायचं होतं. सगळ्यात मोठी धरायची, तुम्हाला हाक मारायची आणि सोडून द्यायची. सोडणारच होतो. पण ती ओढायला लागली तेव्हा मी घाबरलो, आणि तंगुसाचा दोरा तुटला.

तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला नाहीत, हे मला आत्ता कळतंय. "मी टाकला" असं तुम्ही म्हणालाच नाहीत. देवीसमोर तुम्ही खोटं बोलणार नव्हतात आणि मला पुढेही करणार नव्हतात. माझ्यासाठी जागा ठेवलीत, की हा स्वतः बोलेल. मी तीन वर्षं ती जागा रिकामी ठेवली.

गावकऱ्यांनो, आबांच्या हातातून चुरमुऱ्यांची टोपली काढलीत, ती चुकीच्या माणसाकडून काढलीत. द्यायची तर परत द्या. मला जो दंड लावाल तो मान्य. मी ऑफिसातसुद्धा नाही. जहाजाच्या टाकीत गंज काढतो. हेही आबांना खोटं सांगितलं होतं.

सारंग


सेम्बावांग
रविवार, २८ जून २०१५

आबा,

आज पहिल्यांदा पत्राच्या वर फक्त तुमचं नाव लिहिलं. सवीला वाचायला लावू नका. अक्षर मोठं काढतोय, चष्मा लावून हळूहळू वाचा.

सवीचं पत्र परवा मिळालं. तिने सगळं लिहिलंय. ती देवळात वाचत होती तेव्हा तुम्ही मध्येच उठून बाहेर गेलात आणि पायरीवर पाठ करून बसलात. सुलेखा काकू बोलल्या, "त्या चिखलातल्या नमस्काराचं काय रे, परत मिळतो का?" आणि मग सगळेच हसले, आणि हसल्यावर भांडण जरा ढिलं पडलं. मला दंड लागला तो पण कळला. वर्षभर दर सोमवारी कोंडाच्या पायऱ्या मी घासायच्या, शेवाळ काढायचं. दोन वर्षं गंजच काढतोय मी, आबा. शेवाळ म्हणजे काय!

तिने लिहिलंय, टोपली तुमच्याकडे परत आली. पहिल्या सोमवारी तुम्ही गेलात, चुरमुरे टाकलेत, सगळे मासे आले, ती आली नाही. दुसऱ्या सोमवारी पण नाही. मी इथपर्यंत वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. लॉरीत बसलो, यार्डात गेलो, टाकीत उतरलो, दुपारी वर आलो, तरी पुढचं वाचलं नाही. जेवणाच्या सुट्टीत उघडला, तेव्हा आतून तुमची चिठ्ठी पडली.

कॅलेंडरच्या मागे लिहिलेली. तुमचं अक्षर मी पावतीवरच्या सहीशिवाय कधी बघितलं नव्हतं.

"ती आली. ओठाला भोक आहे. खाते."

मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझ्याबरोबरचा बांगलादेशी विचारायला लागला, "क्या हुआ, भाई, शादी पक्का हुआ?" मी हो बोललो. त्याने सगळ्यांना सांगितलं. आता पूर्ण टोळी माझ्याकडे पेढे मागतेय.

साहेबांना दाखवली चिठ्ठी. त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. वहिनी बोलल्या, "तीन वाक्यांत सांगितलं बघ. नाहीतर हा, एका ट्राऊटचं तीन तास सांगतो."

परमिट डिसेंबरात संपतंय. सुपरवायझर बोलला, वाढवून देतो, तू कामाचा आहेस. मी नाही बोललो. त्याने विचारलं, मग कुठे जाणार? दुसऱ्या यार्डात? मी कुठे टिकत नाही हे त्यालाही कळलंय. मी सांगितलं, गावी एक वर्षाचं काम लागलंय, पायऱ्या घासायचं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

डिसेंबरात वहाळाचं पाणी नितळ असतं. देवळाच्या वर, आपल्या हद्दीत, जिथे झोऱ्या दगडाच्या आडोशाला उभ्या असतात, तिथे एकदा जाऊ. तुम्ही काठ्या मोडल्यात, मी नवी कापीन. तुम्ही माझी मान दाबा आणि "वाक अजून" म्हणा. या वेळी मी वाकेन. झोऱ्या धरू, हात ओले करून, आणि सोडून देऊ. तुम्ही विचाराल, सोडायच्या तर धरायच्या कशाला. उत्तर मला माहीत आहे, पण ते मी तिथे आल्यावर देईन.

या पाकिटात, कापसात गुंडाळून, एक गळ ठेवलाय. तांबड्या पिसाचा, तीन वेढ्यांचा, पीस पुढे झुकवलेलं. बांधणी तुमची आहे. काटा मी दाबलाय. पाकीट उघडताना बोटात गेला तर घाबरू नका. जरा तिरका करा, लगेच निघेल.

तुमचा,
सारंग